गटार सोडा, टाकीवर चढा

जून लागला की आमच्या पनवेलच्या सोसायटीत दोन मागण्या हमखास येतात. मागचं गटार साफ करून घ्या, आणि धूरवाल्याला बोलवा. त्यात कुणाच्या घरी मलेरिया निघाला असेल तर मीटिंगमध्ये आवाज चढतात. मी दरवेळी एकच विचारतो, गच्चीची चावी कुणाकडे आहे?

माझी नोकरी हिवताप खात्यातली. पदाचं नाव कीटक समाहारक, म्हणजे सरकारी पगारावर डास पकडणारा माणूस. सुरुवातीची वर्षं गडचिरोलीत गेली, उरलेली रायगडात. पहाटे गोठ्यात आणि झोपायच्या खोल्यांत टॉर्च घेऊन शिरायचं, भिंतीवर बसलेला डास काचेच्या नळीत तोंडाने ओढून घ्यायचा आणि तासाला किती सापडले ते वहीत लिहायचं. दिवसा डिपर, म्हणजे लांब दांड्याचा पांढरा वाडगा, घेऊन पाण्यातल्या अळ्या तपासत हिंडायचं. तेव्हा खात्रीने सांगतो, मागच्या गटारात जे डास होतात ते क्युलेक्स. ते चावतात, झोप उडवतात, हत्तीरोगही पसरवतात. गटार साफ करायला माझी अजिबात ना नाही. पण त्याने मलेरिया जाणार नाही, कारण शहरातला मलेरियाचा डास गटारात अंडी घालत नाही. त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, आणि शहरात असं पाणी सगळ्यात जास्त कुठे असतं, तर तुमच्या डोक्यावर, गच्चीवरच्या टाकीत.

या डासाचं नाव ॲनाफिलीस स्टीफेन्सी. मुंबईला त्याची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी करून अहवाल दिला, आणि त्यात बोट ठेवलं ते दलदलीवर नव्हे, घरोघरच्या विहिरींवर. मग विहिरी बुजवायचे, झाकायचे हुकूम निघाले. ज्यांच्या पूजाअर्चेला विहिरीचं पाणी लागायचं त्या पारशी आणि हिंदू घरांतून विरोधही झाला. पुढे विहिरी गेल्या, टाक्या आल्या, डास तोच राहिला. आता तर तो परदेशीही पोचलाय. २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला, नंतर इथिओपिया, सुदान, नायजेरियापर्यंत गेला. तिकडे मलेरिया मुख्यतः खेड्यातला आजार समजला जायचा. आता तिथल्या शहरांनाही टाक्यांची झाकणं बघावी लागतायत.

धुराबद्दल एकदाच सांगतो आणि विषय सोडतो. धूर उडत्या डासाला लागतो, पाण्यातल्या अळीला त्याचं काहीही होत नाही. साथ पेटलेली असताना त्याचा उपयोग आहे. एरवी लोकांना काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं, इतकंच.

आठवड्याचा हिशोब

आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यातून दीड-दोन दिवसांत अळी निघते, अळी पाच-सात दिवस खाते-वाढते, मग दोनेक दिवस कोषात जातात आणि डास उडतो. थंडीत हेच लांबतं. म्हणजे कोणतंही पाणी आठवड्यातून एकदा रिकामं झालं, कोरडं झालं किंवा नीट झाकलं गेलं, तर त्यातून एकही डास बाहेर पडत नाही. आरोग्य खातं जो ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतं त्यामागे एवढाच हिशोब आहे. वार कोणताही धरा, पण तोच धरा. दोन आठवड्यांनी एकदा जोरात साफसफाई करण्यापेक्षा दर आठवड्याला वीस मिनिटं फिरलेलं केव्हाही चांगलं. पंधरा दिवसांत एक अख्खी पिढी उडून गेलेली असते.

अळी ओळखा

आधी सामान. खात्याचा डिपर साडेतीनशे मिलिलिटरचा असतो. घरी पांढरा प्लास्टिकचा मग चालतो, त्याला काठी बांधा. पांढराच हवा, कारण कोवळी अळी रंगीत भांड्यात दिसत नाही. सोबत चांगला टॉर्च, एक ड्रॉपर आणि काचेचा ग्लास.

पाण्याजवळ जाताना ऊन तोंडावर घ्या, पाठीवर नको. तुमची सावली पाण्यावर पडली की अळ्या खट्‌कन तळाला जातात, आणि तुम्ही ‘पाणी साफ आहे’ म्हणून परत येता. टाकीचं झाकण आदळून उघडलंत तरी तेच होतं. उघडल्यावर दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहा. त्या श्वास घ्यायला वर येतातच. त्यानंतर तो पांढरा मग तिरका धरून काठाला, कोपऱ्यात, जिथे शेवाळ किंवा कचरा तरंगतोय तिथे हलकेच पाणी आत येऊ द्या. बचकन बुडवू नका. मधल्या मोकळ्या पाण्यात फारसं काही सापडत नाही, भिंतीला लागून सापडतं. वेगवेगळ्या जागी दहा वेळा बुडवल्याशिवाय ‘नाही’ असं लिहू नका. विहिरीत हा मग पोचत नाही, तिथे दोरीला बादली बांधा, आणि दुपारी आरशाने आत ऊन पाडलंत तर काठावरचं स्वच्छ दिसतं.

आता सापडलेली अळी ड्रॉपरने ग्लासात घ्या, ग्लास उजेडात धरा आणि डोळ्यांच्या पातळीवर आणून बाजूने बघा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली तर ती ॲनाफिलीस. तिला श्वासाची नळी नसते, म्हणून पाठ वर लावूनच तिला राहावं लागतं. डोकं खाली आणि शेपूट वर अशी तिरकी लोंबत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस, म्हणजे डेंग्यूचा डास. त्यांची शेपटाकडची नळी साध्या डोळ्यांनाही दिसते, क्युलेक्सची लांब, एडिसची आखूड. ॲनाफिलीसचं आणखी एक बघण्यासारखं आहे. ती खायला लागली की शरीर तसंच आडवं ठेवून फक्त डोकं पूर्ण उलटं फिरवते आणि पाण्याच्या सायीखालचं बारीक अन्न तोंडात ओढते. भिंग असेल तर मुलांना जरूर दाखवा. आमच्या मजल्यावरची दोन पोरं हे बघितल्यापासून माझ्याआधी गच्चीवर हजर असतात.

तिसरी गोष्ट कोष. तो स्वल्पविरामासारखा दिसतो आणि हात लावला की कोलांट्या खात खाली जातो. कोष दिसला तर त्या दिवशीचं काम पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. तो काही खात नाही, त्यामुळे खाण्यातून मारणारं कुठलंही औषध त्याला लागत नाही, आणि दोन दिवसांत डास उडतो. पाणी ओता, किंवा बारीक कापडाने कोष गाळून घ्या आणि कोरड्या जमिनीवर टाका.

टाकीच्या तळाशी लालभडक, दोऱ्यासारखे वळवळणारे किडे दिसतात त्यांना लोक अळ्या समजून घाबरतात. ती न चावणाऱ्या माश्यांची पिल्लं, तळाच्या गाळात राहणारी. त्यांनी मलेरिया होत नाही. पण टाकीत गाळ साचलाय आणि झाकणातून काहीतरी आत येतंय, हे मात्र त्यांच्यामुळे कळतं.

टाकी

बऱ्याच घरांत नळाच्या तोंडाला पातळ कापड बांधलेलं असतं. ‘काका, अळ्या येतात हो कधीकधी,’ असं मला अगदी सहज सांगितलं जातं. कापडाने तुमचा घोट साफ झाला, पण वर टाकीत ज्या राहिल्या त्या उडून तुमच्याच खिडकीतून आत येणार. स्टीफेन्सी जन्मल्या पाण्यापासून सहसा फार लांब जात नाही.

टाकी तपासताना पहिली अडचण पाण्याची नसतेच, शिडीची असते. कितीतरी इमारतींत लिफ्टच्या खोलीवर सिमेंटची टाकी आहे आणि तिथे चढायला धड शिडी नाही. मग तपासणीला आलेला माणूस खालूनच रजिस्टरवर सही करून जातो. पक्की लोखंडी शिडी बसवणं हे मलेरियाचं काम आहे, असं मी सोसायटीला लेखी दिलं होतं. खजिनदारांना पटायला वेळ लागला.

वर गेलात की आधी झाकण. सिमेंटच्या टाकीला पत्र्याचं झाकण असेल तर बिजागरीच्या बाजूला बघा. तिथे पत्रा गंजून बोटभर फट पडलेली असते आणि वरून ती दिसत नाही. झाकण बंद करून आत टॉर्च ठेवता आला तर उत्तम. संध्याकाळी अंधार पडताना बाहेरून जिथून उजेड दिसेल तिथून मादी आत जाते. प्लास्टिकच्या टाकीचं झाकण आट्यांचं असतं, पण प्लंबरने एकदा काढलं की पुन्हा नीट फिरवून बसवत नाही, नुसतं वर ठेवतो, वर वीट ठेवतो. वाऱ्याने झाकण सरकतं, वीट राहते.

मग पाइप. ओव्हरफ्लोचा पाइप आणि हवेचा पाइप, या दोन्हींची तोंडं उघडी असतात. डासाला तेवढं दार पुरतं. त्यांना जाळी बांधायची ती एका इंचात सोळा घरं असलेली, नायलॉनची किंवा स्टीलची, आणि वरून पट्टी आवळायची. सुती कापड मी सुचवत नाही. ते भिजून चिकटतं, पाणी अडतं, मग कुणीतरी वैतागून काढून टाकतं आणि पुन्हा बांधत नाही. बॉलकॉकची किंवा लेव्हलच्या वायरीची जी भोकं भिंतीत पाडलेली असतात ती एम-सीलने बुजवा. जमिनीखालच्या टाकीत मोटारीचा पाइप आणि केबल ज्या कोपऱ्यातून आत जाते तिथे झाकणाचा तुकडा कापलेला असतो, तो कोपरा जवळजवळ नेहमीच उघडा असतो.

अळ्या सापडल्या आणि टाकी रिकामी करणं शक्य असेल तर पुरवठा बंद करून पाणी वापरून संपवा, तळ आणि भिंती घासा, दिवसभर कोरडी पडू द्या. टाकीत एकट्याने कधीही उतरू नका. वर एक माणूस हवाच, आणि झाकण बराच वेळ आधी उघडून ठेवा. पण आमच्याकडे मार्चनंतर पाण्याची जी बोंब असते त्यात दहा हजार लिटर ओता म्हणून सांगणाऱ्याला लोक खाली ढकलतील. तेव्हा दुसरा मार्ग: टाकी तशीच भरलेली ठेवा आणि सगळी छिद्रं त्याच दिवशी पक्की बंद करा. आतल्या अळ्यांचे डास होतील, पण बाहेर पडायला वाट नाही, रक्त नाही, ते आतच मरतील. बाहेरची मादी आत जाऊ शकणार नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा मग बुडवून बघा. तेव्हाही कोवळ्या अळ्या दिसल्या तर एक फट तुमच्या नजरेतून सुटलीय, शोधा.

टेमिफॉस या अळ्या मारायच्या औषधाचं काय, असं विचारतात. पिण्याच्या साठ्यात एक टक्क्याचे दाणे वापरतात आणि मात्रा दहा लिटरला एक ग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीला शंभर ग्रॅम. त्याहून जास्त नाही. आणि हे काम पालिकेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाकडूनच करून घ्या. तेच टेमिफॉस पातळही येतं, पन्नास टक्क्यांचं. ते दहा लिटर पाण्यात अडीच मिलिलिटर मिसळून साचलेल्या पाण्यावर आठवड्याला फवारतात, पिण्याच्या टाकीत ते जाता कामा नये. फिनाईल, रॉकेल, शेतीच्या दुकानातली बाटली हे कुणीही पिण्याच्या पाण्यात टाकायचं नाही. ब्लीचिंग पावडरीच्या नेहमीच्या मात्रेने अळी मरत नाही. शिवाय ज्या टाकीतून रोज पाणी भरलं-उपसलं जातं तिथे औषध धुऊन जातं, पुन्हा टाकावं लागतं. झाकण एकदा बसवलं की बसवलं. म्हणून माझा कौल झाकणाला.

ज्या टाक्या कुणाच्या डोक्यात येत नाहीत त्या शेवटी सांगतो, पण बघायच्या आधी. टॉवरची आग विझवायची टाकी, जिचं पाणी महिनोन्‌महिने हलत नाही. एका टॉवरवर मी गेलो तर तिच्या एका भागाचं झाकण इतकं गंजून बसलं होतं की वॉचमनने छिन्नी आणली, आणि शेजारच्या भागाला झाकणच नव्हतं. पहिल्याच मगात कोष आले. सोलर हीटरची थंड पाण्याची टाकी. एसीच्या कूलिंग टॉवरखालचं भांडं. लग्नाच्या हॉलसमोरचं कारंजं, जे फक्त मुहूर्ताला चालतं. आणि नवी टाकी बसवल्यावर गच्चीच्या कोपऱ्यात सरकवून ठेवलेली जुनी, पावसाने अर्धी भरलेली. ती भंगारात देणं जमत नसेल तर निदान तळाला मोठं भोक पाडा.

शेजारचं बांधकाम

तुमची टाकी कडेकोट झाली आणि तरी डास येतायत, तर शेजारी क्रेन दिसतेय का बघा. स्लॅब पडल्यावर त्यावर सिमेंटचे बांध घालून पाणी भरून ठेवतात, आठवडा-दोन आठवडे. स्वच्छ, उथळ, उन्हातलं पाणी. खाली लिफ्टचा खड्डा, तळघर, सिमेंट कालवायचा हौद, पिंपं. २०१० साली मुंबईत मलेरियाची मोठी साथ आली तेव्हा सगळ्यांचं लक्ष या जागांकडे गेलं. त्यानंतर पावसाळ्याआधी बिल्डरांना नोटिसा निघू लागल्या. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३८१ खाली कारवाई होते.

साइटवर जाऊन भांडू नका. सुपरवायझरला भेटा आणि त्याला जमेल असं सांगा. स्लॅबवर पाणी साठवण्याऐवजी ओलं गोणपाट पसरून त्यावर दिवसातून तीन-चारदा पाणी मारता येतं, काँक्रीटला ते चालतं. साठवायचंच असेल तर आठवड्यातून एक दिवस बांध फोडून स्लॅब पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. लिफ्टच्या खड्ड्यात पंप लावा. झिरपा असेल आणि पाणी परत परत येत असेल तर त्यावर थर्माकोलच्या मण्यांचा थर सोडता येतो. मणी तरंगून पाण्याचा पृष्ठभाग बंद करतात, अळीला श्वास मिळत नाही, मादीला अंडी घालता येत नाहीत. ही युक्ती जुनी आहे. १९८३ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात नडियादजवळ औषधफवारणीशिवाय मलेरिया आटोक्यात आणायचा मोठा प्रयोग सुरू झाला, त्यात पडीक विहिरींत असे मणी, तळ्यांत मासे आणि खड्डे बुजवणं असं सगळं केलं होतं. उघड्यावर मात्र मणी वापरू नका. पहिल्या जोरदार पावसात ते वाहून नाल्यात जातात आणि दुसराच उपद्रव होतो.

पिण्याचं नसलेल्या साठ्यांवर बीटीआय हे जैविक अळीनाशक चांगलं. हा एक जिवाणू आहे, त्याचे स्फटिक अळी खाते आणि तिचं आतडं फाटतं. माणसाला, माशाला, गाईगुरांना त्याचा त्रास नाही. गोव्यात बांधकामांवर आणि टाकून दिलेल्या टाक्यांत स्टीफेन्सीविरुद्ध ते वापरून बघितलं आहे, सोबत तिथलाच स्थानिक ॲप्लोकायलस मासा सोडून. मात्रा पुड्यावर असते ती पाळा, आणि लक्षात ठेवा, कोषावर त्याचा परिणाम नाही. साठलेल्या घाण पाण्यावर खात्याचं अळ्या मारायचं ऑइल सोडतात, पन्नास मीटर लांबीला एक लिटर, आठवड्याला. ते मात्र अळीलाही लागतं आणि कोषालाही, कारण दोघांचाही श्वास कोंडतो. गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतायची सवय गावोगाव आहे. ते जमिनीत मुरून विहिरीला लागतं, त्यामुळे मी त्याच्या विरोधात आहे.

एक गोष्ट साइटवर गेल्यावर विसरू नका. पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांनी ‘मलेरिया आणला’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्या स्लॅबच्या डासाचा पहिला चावा तेच खातात. गोव्यात बांधकाम मजुरांची रक्त तपासणी करून त्यांना आरोग्य कार्ड देतात. आपल्याकडे ठेकेदाराने किमान मच्छरदाण्या दिल्या आणि ताप आलेल्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं तरी खूप झालं.

हौद, विहीर आणि गप्पी

जे पाणी झाकता येत नाही, ओतता येत नाही आणि प्यायचं नाही, तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप कार्यालयात पैदास हौद असतो, तिथून फुकट मिळतात. सकाळच्या गारव्यात न्या. पिशवी किंवा बरणी पंधरा-वीस मिनिटं त्याच पाण्यात तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल, मग तोंड उघडून त्यांना आपणहून बाहेर पडू द्या. वरून ओतलेत तर निम्मे संध्याकाळपर्यंत उलटे तरंगतात. एका चौरस मीटरला पाच-सहा पुरतात, गप्पी अंडी न घालता थेट पिल्लं देते, संख्या आपोआप वाढते. माशाला खायला-बियला घालू नका, पोट भरलेला मासा अळीच्या मागे लागत नाही.

फसतं कुठे, तर काठच्या शेवाळात. अळ्या गवतात, शेवाळाच्या गुंत्यात दडतात आणि मासा तिथे शिरत नाही. म्हणून मासे सोडायच्या आधी काठ खरवडून साफ करा आणि महिन्याला करत राहा. दुसरं, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे गप्पी वर. त्याच्या रजिस्टरची तारीख विचारूनच मासे आणा. नदीत, ओढ्यात, तलावात गप्पी सोडायचे नाहीत. ते दक्षिण अमेरिकेतले पाहुणे, तिथे आधीपासून राहणाऱ्या माशांच्या पोटावर येतात. गॅम्बुशिया हा दुसरा अळीखाऊ मासा त्याहून खोडसाळ, १९२८ मध्ये इटलीहून आणलेला, दुसऱ्या माशांची आणि बेडकांची पिल्लंही खातो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

गावाकडे हे कितपत चालेल?

इथे मला आखडतं घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीसाठी कसोटी लावून ठेवलीय: पाण्याच्या जागा थोड्या हव्यात, ठरलेल्या हव्यात आणि सापडणाऱ्या हव्यात. शहरात हे तिन्ही जमतं. गडचिरोलीत पावसाळ्यात बैलाच्या खुराचा ठसा, धानाची बांधी (भाताचं खाचर), नदीच्या वाळूतलं डबकं, डोंगरातल्या झऱ्याचा गवताळ काठ, सगळीकडे पाणी. तिथे डासही वेगळे. क्युलिसिफेसीस धानात आणि डबक्यात, फ्लुव्हिएटिलिस संथ स्वच्छ झऱ्यात. अख्ख्या जंगलात मग बुडवत फिरणं शक्य नाही. तिथे कीटकनाशक भारित मच्छरदाणी, घरातली फवारणी आणि तापाच्या दिवशीच रक्तनमुना, यांवरच भर हवा.

तरी पावसाळा ओसरल्यावर, पाणी आटून थोड्या जागा उरतात तेव्हा, दोन-तीन कामं गावाने करावीत. नदीपात्रातली सुटी डबकी फावड्याने चर काढून वाहत्या धारेला जोडायची, कारण वाहत्या पाण्यात अळी टिकत नाही. हातपंपाखालच्या सांडपाण्याला मीटरभर लांब-रुंद-खोल शोषखड्डा, तळाशी मोठे दगड, वर लहान. पाटाच्या आणि झऱ्याच्या काठचं गवत कापणं. पाटपाण्याचं धान असेल तर आठवड्यातून दोनेक दिवस बांधी सुकू देता येते. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र हे सांगायला जाऊ नका, त्याने पाऊस बांधीत अडवलाय तोच मुळी जपून ठेवायला.

वही

शेवटचं काम कागदाचं. एक साधी वही करा. तारीख, जागा, किती वेळा मग बुडवला, त्यात कितीत अळ्या होत्या, कोष होते का, काय केलं. सह्या दोन घ्या, तपासणाऱ्याची आणि ज्याच्या ताब्यात ती जागा आहे त्याची. चार आठवड्यांची पानं एकत्र बघितली की सारखी-सारखी सापडणारी एक-दोन ठिकाणं उघडी पडतात. जास्तीचा वेळ तिथेच घालवा. पालिकेचा माणूस आला की त्याला वही दाखवा, तोही मग खालून सही करून जात नाही. काम मेमध्येच सुरू करा. जाळ्या, पट्ट्या, झाकणं तेव्हाच बदला. जुलैच्या पावसात ओल्या शिडीवर चढायला कुणी तयार नसतं.

त्याच वहीच्या मागच्या बाजूला इमारतीत कुणाला मलेरिया झाला ते लिहा, कोणता झाला तेही. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया असेल तर त्याचा जंतू यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतो, नव्या डासाच्या चाव्याशिवाय. त्यासाठी डॉक्टर प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स देतात, आणि ताप उतरला की लोक तो चौथ्या दिवशी सोडतात. सगळी झाकणं बसवून झाल्यावर कुणाला ताप आला आणि मीटिंगमध्ये ‘बघा, काही उपयोग नाही’ असा सूर लागला, तर आधी त्या माणसाचं गेल्या वर्षीचं पान काढा आणि गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का ते विचारा.